केसांची इस्त्री विकत घेताना

इस्त्री हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे. कपड्यावरच्या सुरकुत्या ताणून काढते ती इस्त्री. ह्या इस्त्रीला आता एक धाकटी बहीण झाली आहे. दिसायला चिमट्यासारखी, आतल्या बाजूला दोन गुळगुळीत, तापणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांमध्ये केसांची बट धरायची आणि मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढत न्यायची, की कुरळी बट सरळ होते. दुकानात तिला ‘हेअर स्ट्रेटनर’ म्हणतात. मी आपला केसांची इस्त्री म्हणणार आहे.

तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या मुलींचा विषय, आम्हांला तो कशाला? पण लग्नसराईत एकदा तालुक्याच्या बाजारात हिंडून पहा. बांगड्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांत ही इस्त्री लटकलेली दिसेल. दुकानात नसली तर मोबाइलवरून मागवतात आणि ती चार दिवसांत गावात येते. मुली घरी विचारत नाहीत, शाळेतल्या बाईंना विचारतात, “बाई, कोणती घेऊ?” आणि बाईंनाही नक्की ठाऊक नसते. आमच्या नाहूरला, म्हणजे मुंबईच्या मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड ह्यांच्या मध्ये, हाच प्रश्न मला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी विचारतात. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मला केसांतले काही कळते म्हणून त्या विचारत नाहीत, किमतीतले कळत असेल अशी त्यांची समजूत आहे म्हणून विचारतात.

आणि किमतीचे कोडे खरोखरच मोठे आहे. पदपथावर ही वस्तू दोन-अडीचशे रुपयांना मिळते, चांगल्या दुकानात हजार ते तीन हजारांना मिळते आणि परदेशी बनावटीची काही यंत्रे तीस हजारांच्याही पुढे जातात. तिन्ही यंत्रे बट सरळ करतात. मग ह्या अडीचशेच्या आणि तीस हजारांच्या मधल्या पैशांत आपण नेमके काय विकत घेतो? ह्याचे उत्तर शोधायचे तर आधी केसाकडे जावे लागते. ह्या कामी पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी पुष्कळ त्रास दिला आहे.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखे, शिंगे, लोकर हीही केराटिनचीच. केसातल्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हांच्या बंधांनी बांधलेल्या असतात. एक बंध गंधकाचा, तो पक्का. केस मुळातून ज्या घडणीचा उगवतो, कुरळा किंवा सरळ, ती घडण हा बंध राखून ठेवतो. दुसरा बंध हायड्रोजनचा. तो दुबळा, पण संख्येने फार. पाणी लागले की तो सुटतो, केस वाळला की पुन्हा जुळतो. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलेल्या मुलीचे केस सकाळी लाटालाटांचे दिसतात, ते ह्यामुळेच. वेणीच्या आकारात केस वाळला आणि त्या आकारात बंध जुळले.

केसांची इस्त्री करते ते एवढेच. उष्णतेने हायड्रोजनचे बंध सोडवते, बट सरळ ताणते आणि थंड होताना बंध त्या सरळ आकारात जुळतात. गंधकाच्या पक्क्या बंधाला ती हात लावीत नाही. लावू लागली तर केस जळू लागला असे समजावे. म्हणजे हा सरळपणा कायमचा नव्हे, उसनवारीचा आहे. आणि ही उसनवारी वसूल करायला कोण येते? हवेतले पाणी.

शिक्षकांसाठी येथे एक छान धागा आहे. जिनीव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली हवेतील ओलावा मोजण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या यंत्राचा मुख्य भाग कोणता होता, तर माणसाचा केस! अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला तर केस दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो. म्हणजे ४० सेंटिमीटरचा केस पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. धुऊन स्वच्छ केलेला केस टांगून त्याला काटा जोडला की तो काटा हवेतला ओलावा दाखवतो. हवामान वेधशाळांतून अशी केसाची आर्द्रतामापके पुष्कळ वर्षे वापरली गेली. शाळेत लांब केस, खडूचा तुकडा आणि पुठ्ठ्याची पट्टी एवढ्यावर ह्याचा लहानसा प्रयोग करून दाखवता येतो. पावसाळ्याच्या आधी टांगून ठेवा आणि श्रावणात पहा.

जो केस वेधशाळेला ओलावा सांगतो, तो डोक्यावर असताना गप्प कसा बसेल? नाहूरच्या एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या सकाळच्या हवेत ८५ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता असते. त्या हवेत सकाळी सात वाजता सरळ केलेले केस लोकलने दादरला पोचेपर्यंत पुन्हा वळू लागतात. तेव्हा पावसाळ्यात केस वळले म्हणून इस्त्री वाईट ठरत नाही, आणि ‘दिवसभर सरळ’ असे डब्यावर छापल्याने चांगलीही ठरत नाही. कोकणातल्या बहिणीला जे यंत्र निकामी वाटेल, तेच यंत्र मार्च महिन्यात सोलापूरच्या बहिणीला उत्तम वाटेल. यंत्रात फरक नाही, हवेत आहे. ह्या गोष्टीसाठी कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.

मग पैसे कशाचे द्यावेत? माझ्या मते मुख्यतः एकाच गोष्टीचे : तापमान आपल्या हाती असण्याचे.

असे पहा. पाणी १०० अंशांना उकळते. भजी तळताना कढईतले तेल १७० ते १८० अंशांच्या आसपास असते. केसांच्या इस्त्रीची पट्टी २०० अंशांच्या पुढेही जाऊ शकते, म्हणजे तळणीच्या तेलापेक्षा जास्त. बारीक, मऊ किंवा रंग लावलेल्या केसांना दीडशे अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. साधारण केसांना १८० च्या पुढे जाण्याचे कारण नसते. अगदी जाड, राठ केसांनाच २०० लागतात. त्यापुढे, विशेषतः २२० च्या वर, प्रथिनाची मूळ घडणच मोडू लागते आणि ती पुन्हा येत नाही. भाजलेला पापड परत ओला करून लाटता येत नाही, तसेच हे.

पदपथावरच्या स्वस्त यंत्राला बहुधा चालू आणि बंद एवढेच असते. त्यात तापमानाला आवर नसतो असे मात्र नव्हे. आत बेरियम टायटॅनेटच्या जातीची एक चिनी मातीसारखी वडी असते. ती ठराविक मर्यादेपर्यंत तापली की तिचा विद्युत्‌रोध एकदम वाढतो, प्रवाह कमी होतो आणि ती आपली आपण आवरते. युक्ती सुरेख आहे. पण ती मर्यादा कारखानदाराने ठरवलेली असते, तुमच्या केसांनी नव्हे. आईच्या जाड केसांना आणि लेकीच्या मऊ केसांना एकच आच. हजार-दीड हजाराच्या यंत्रात तापमानाच्या निदान तीन-चार पायऱ्या असतात. काहींत अंशांचा आकडाही दिसतो. हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे.

ओल्या केसांची गोष्ट तर ह्याहून वाईट. माझ्या वर्गातल्या एका मुलीने शिकवणीच्या पैशांतून पदपथावरची इस्त्री घेतली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी घाईत न्हाऊन आली आणि अर्धवट ओल्या केसांवरच ती फिरवली. चर्र आवाज आला, वाफ निघाली, तिला वाटले यंत्र छान चालते आहे. पंधरा दिवसांत समोरच्या बटा बोटभर राहिल्या. होते असे, की केसाच्या आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि केसात बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. डॉक्टर त्याला ‘बबल हेअर’च म्हणतात. अशा ठिकाणी केस तुटतो. ह्याला दीडशे अंशही लागत नाहीत. म्हणून चर्र आवाज आला की थांबावे आणि केस पुरते वाळू द्यावेत, यंत्र अडीचशेचे असो की तीस हजारांचे. ओल्या केसांसाठी म्हणून गरम वारा सोडणारी वेगळी यंत्रे निघाली आहेत, पण ती महाग आणि त्यांचा प्रकार निराळा.

आता डब्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे वळू. सिरॅमिक, टायटॅनियम, टूर्मलीन, केराटिन, आर्गन तेल! वाचताना औषधांचे दुकान आठवते. पट्टी आतून बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते आणि ही नावे तिच्यावरच्या पातळ लेपाची असतात. ‘सिरॅमिक’ हा शब्द तर दुहेरी आहे. कधी तो लेपासाठी वापरतात, कधी आतल्या त्या तापणाऱ्या वडीसाठी. विक्रेत्याला विचारले तर त्यालाही सांगता येत नाही. टायटॅनियमची ख्याती फार, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम त्याच्या दहापट पुढे आहे. टूर्मलीन म्हणजे आपल्याकडे ज्याला तोरमल्ली म्हणतात तो खडा. डच व्यापाऱ्यांनी तो श्रीलंकेहून युरोपात नेला आणि त्याचे नाव ठेवले ‘राख ओढणारा’, कारण तापवला की त्यावर विद्युत्‌भार येतो आणि तो राखेचे कण ओढून घेतो. हे सगळे खरे. परंतु लेपात मिसळलेल्या चिमूटभर भुकटीसाठी मी शंभर रुपये जास्त देणार नाही. लेपाचा खरा उपयोग एवढाच, की पट्टी गुळगुळीत राहावी आणि केस अडकू नये. ते डोळ्यांनी आणि बोटांनी पाहता येते, नावाने नव्हे.

पट्ट्या नीट जुळतात का, हे मात्र दुकानातच पाहावे. यंत्र थंड असताना मिटून उजेडासमोर धरा. मधून फट दिसता कामा नये. मग वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी एका टोकाला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला धरून ओढून पहा. तिन्ही ठिकाणी सारखी अडली पाहिजे. एका टोकाला सैल असेल तर तेथून केस नुसताच निसटणार आणि तुम्ही तीच बट पाच वेळा भाजणार. पट्ट्या खाली किंचित दबणाऱ्या असाव्यात, म्हणजे बट जाडबारीक असली तरी दाब सारखा राहतो. रुंदीचे म्हणाल, तर इंचभर पट्टी बहुतेकींना पुरते.

विजेच्या बाबतीत लोक नको तेथे काटकसर करतात. “ही कमी वॅटची आहे, वीज वाचेल,” असे विक्रेता सांगतो. हिशेब करून पाहू. यंत्र ४० वॅटचे, वापर १५ मिनिटे. म्हणजे एका युनिटचा शंभरावा भाग. आठवड्यातून दोनदा वापरले तरी वर्षाकाठी एक युनिट! कपड्यांची इस्त्री हजार वॅटची आणि ही चाळीसची, तरी दोन्ही सारख्याच तापू शकतात, कारण हिच्या पट्ट्या बोटभर आहेत आणि तिचा तळवा पंजाएवढा. तेव्हा वॅटच्या आकड्यावरून ना बिल ठरते, ना ताप.

पाहावयाचे ते व्होल्ट. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेली भेट असेल तर फारच जपून. तिकडे १२० व्होल्टची वीज, आपल्याकडे २३०. यंत्रावर ‘१००-२४०’ असे छापले असेल तर हरकत नाही. नुसते १२० असेल आणि आत साधी तार असेल, तर ते आपल्याकडे साडेतीन पटींहून अधिक शक्ती खेचील आणि क्षणात जळेल. दुसरे म्हणजे, बहुतेक इस्त्र्यांना दोनच पिना असतात, जमिनीला जोडणारी तिसरी पिन नसते. अशा यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असले पाहिजे. त्याचा अर्थ, विजेपासून बचावाची दोन आवरणे आत आहेत. ज्या घरांत अर्थिंगचा भरवसा नाही, तेथे ह्या लहानशा चिन्हाला मोल आहे.

खेड्यातल्या श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण डब्यावर ती नसते. इस्त्री चालू आहे आणि वीज गेली. मुलगी कंटाळून यंत्र गादीवर टाकते आणि शाळेला निघून जाते. दोन तासांनी वीज येते, घरात कोणी नाही. सरकवावयाचे बटण असलेली इस्त्री पुन्हा तापू लागते. दाबावयाचे बटण असलेली बरीचशी यंत्रे बंदच राहतात. दुकानात विक्रेत्याकडून चालू करून घ्या, भिंतीवरची कळ बंद करून परत लावा आणि काय होते ते पहा. तासाभराने आपोआप बंद होण्याची सोय असेल तर आणखी चांगले. ह्या सोयीचे दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी द्यावेत. गादी, चादर आणि पत्र्याखालचे घर ह्यांच्याशी तुलना केली तर ते काहीच नाहीत.

आता पुन्हा माझ्या विषयाकडे येतो. समजा, अडीचशेची इस्त्री सहा महिने चालली आणि दीड हजाराची तीन वर्षे. आठवड्यातून एकदा वापर धरला तर पहिलीचा खर्च दर वेळी साडेनऊ रुपयांच्या वर पडतो. दुसरीचाही तेवढाच पडतो! म्हणजे स्वस्त ती स्वस्त नव्हेच, आणि शिवाय केसांचा विमा नाही. तीस हजारांची पाच वर्षे टिकली तरी दर वेळचे ११५ रुपये होतात. ज्यांचा तो धंदाच आहे त्या पार्लरवालीने तिचा विचार करावा. आणि जिला वर्षातून चार लग्नांनाच केस सरळ हवेत, तिला दीड हजाराचीसुद्धा दर वेळी सव्वाशेला पडते. तिने शेजारच्या पार्लरमध्ये जावे हे बरे. एरव्ही कुरळे केस म्हणजे काही व्यंग नव्हे. ते सरळ केल्यावाचून लग्न ठरत नाही असे म्हणणाऱ्या स्थळाबद्दल मला जास्त काळजी वाटते.

‘छापील किंमत चार हजार, आमच्याकडे नऊशे’ ह्या सुटीला भुलू नये. छापलेली ती जास्तीत जास्त किंमत, वस्तूचे मोल नव्हे. हातातून नऊशे गेले एवढेच खरे. २०११ च्या वजनमापांच्या नियमांनुसार डब्यावर कारखानदाराचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल, किंवा नामांकित नावातले एखादे अक्षर बदललेले दिसले, तर डबा परत ठेवावा. अशा उपकरणांचे भारतीय मानक आयएस ३०२ ह्या मालिकेत आहे. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाइलवरील सोयीत घालून पडताळता येतो. खोटे चिन्ह छापणे सोपे आहे, खोटा क्रमांक तेथे टिकत नाही. पक्की पावती आणि दुकानाचा शिक्का असलेले हमीपत्र घ्यावे. यंत्र बिघडले आणि दुकानदाराने हात वर केले, तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मुंबईच्या दुकानदारासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

केस कायमचे सरळ करण्याची म्हणून जी मलमे पार्लरमध्ये लावतात आणि वरून इस्त्री फिरवतात, त्यांपासून घरी लांबच राहावे. काहींत फॉर्मल्डिहाइड असते किंवा तापल्यावर सुटते. ते कर्करोगकारक असल्याचे २००४ सालीच आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवले आहे. त्याच्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरू लागले, तर ट्युनिसियातल्या एका २६ वर्षांच्या तरुणीच्या मूत्रपिंडाला दर वेळी अपाय झाल्याची हकीकत २०२४ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात आली.

खोबरेल तेलाचेही विचारतात. मॅरिको ह्या मुंबईच्याच कंपनीतील रेळे आणि मोहिले ह्या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की न्हाण्यापूर्वी किंवा नंतर लावलेले खोबरेल केसातून झिजणारे प्रथिन कमी करते. कंपनी खोबरेल विकणारी, हे ध्यानात ठेवूनही प्रयोग मोलाचा आहे. पण तेल लावून इस्त्री करू नये. पट्टीवर ते जळते, धूर होतो आणि लेप चिकट होतो. आदल्या रात्री तेल, सकाळी न्हाणे, केस पूर्ण वाळवणे, मग इस्त्री. आणि एका बटेवरून एकदाच, सावकाश.

वापर झाल्यावर यंत्र फरशीवर किंवा पाट्यावर निवू द्यावे. गरम असताना दोर तिच्याभोवती गुंडाळू नये, कारण दोर तुटतो तो नेहमी मुठीपाशीच. निवल्यावर ओलसर फडक्याने पट्ट्या पुसाव्यात. लेप निघून खालचे ॲल्युमिनियम दिसू लागले, की केस अडकायला लागतात. मग दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, दुसरी घ्यावी आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.